४४ डिग्रीत बाइक: जाळीचं जॅकेट घालूनही भाजतंय, काय चुकतंय?

पुण्याहून_वर्धा
मार्चमध्ये बदली होऊन वर्ध्याला आलो. बियाण्यांच्या कंपनीत फील्डचं काम. सकाळी हिंगणघाट, दुपारी समुद्रपूर, येताना एखादं आडगाव. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, गाडी दीडशे सीसी. पुण्यात उन्हाळाभर वापरायचो तेच जाळीचं जॅकेट इथेही घालतो. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ठीक होतं. आता पारा ४४वर गेलाय आणि सत्तरच्या स्पीडला छातीवर कुणी हेअर ड्रायर धरल्यासारखं वाटतं. थांबलो की उलट बरं वाटतं! काल जॅकेट काढून नुसत्या टी-शर्टवर गेलो तर आणखी वाईट. घरी पोचलो तेव्हा डोकं ठणकत होतं आणि शर्ट मात्र कोरडा ठणठणीत. मला घाम येणंच बंद झालंय का?
दुपारी निघू नका असं कृपया सांगू नका. साहेबांना सांगून झालंय.

वऱ्हाडी_ठेचा
दुपट्टा बांधतो का नाही? डोकं, कान, मान सगळं झाकायचं. आणि खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही.

जुना_एमआर_चंद्रपूर
कांदा ठेवायचा तर ठेव भाऊ, संध्याकाळी भज्यांना कामी येईल. दुपट्ट्याचं मात्र खरं आहे.

मी २६ वर्षं एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. चंद्रपूर, वरोरा, वणी, राजुरा, सगळं बाइकवर, गळ्यात टाय आणि टाकीवर बॅग. तुझं काय चुकतंय सांगतो. अंगाची कातडी साधारण ३५ डिग्रीची. हवा तीसची असते तेव्हा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून पुण्यात जाळी बरी वाटते. हवा ४४ची झाली की तोच वारा उष्णता अंगात घालतो. जितकं जोरात जाशील तितकी जास्त. आता गार करायला उरतो फक्त घाम, आणि आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात तो दिसायच्या आधीच उडून जातो. काळा शर्ट घातला असशील तर काखेखाली, पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे बघ. घाम आला होता, भरपूर आला होता, तुला फक्त कळला नाही.

छागल पाहिली आहेस का? कॅनव्हासची पाण्याची पिशवी, ट्रकच्या पुढे लटकवतात. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं, आतलं गार होतं. पण पाणी संपलं की ती नुसती तापलेली पिशवी. आपली छागल व्हायची, पण पाणी बाहेरून भरायचं.

मी करायचो ते असं. आत जाड सुती बनियन आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोन्ही नळाखाली धरून हलके पिळून घालायचे, पाणी टपकणार नाही इतपत. वरून नुसती जाळी असेल तर पंधरा मिनिटांत सगळं वाळून जातं, म्हणून जाळीवर साधा विंडचीटर. चेन गळ्यापर्यंत, पण गळ्याशी आणि मनगटाशी बोटभर फट ठेवायची. वारा आत शिरतो, पण जरा जरा. पहिल्यांदा घालशील तेव्हा म्हणशील, या म्हाताऱ्याला वेड लागलंय, ४४ डिग्रीत विंडचीटर! दोन किलोमीटर जा, मग बोल. ओल पाऊण तास टिकते, मग जी पाणपोई किंवा हातपंप दिसेल तिथे परत. हेल्मेटमध्ये ओली सुती टोपी, काच खाली.

पाणी पिताना नुसतं पाणी ढोसू नको. ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटरमध्येच टाकायचं, ग्लासात नाही. नाहीतर मीठ घातलेलं ताक. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

हे शहाणपण फुकट नाही आलं. २०१३च्या मे महिन्यात नागपूरला ४७.९ गेलं होतं, त्याच आठवड्यात मी वणी करत होतो. सकाळपासून दोन चहा आणि एक समोसा, बास. घुग्घूसच्या पुढे वर्धा नदीच्या पुलावर गाडी थांबवली आणि आपण वणीला चाललोय की वणीहून येतोय तेच आठवेना. बॅगेत सॅम्पल भरलेले आहेत का बघून ठरवू म्हटलं, तर चेन उघडता येईना. बोटं चालेनात. एका कोळशाच्या ट्रकवाल्यानं काही न विचारता मला ट्रकच्या सावलीत बसवलं आणि अख्खी छागल डोक्यावर रिकामी केली. त्याचं नावही विचारलं नाही मी. तेव्हा असं गोंधळल्यासारखं झालं, मळमळलं, तर 'पुढच्या गावात थांबू' म्हणायचं नाही. तिथंच थांबायचं, अंग भिजवायचं, १०८ला फोन.

पनवेलचा_डोंगळा
आमच्याकडच्यांनी हे वाचून शर्ट भिजवू नका. मी करून पाहिलंय. मे महिन्यात इथल्या दमट हवेत ओला शर्ट वाळतच नाही, अंगाला चिकटून नुसती घामोळी. इथे ३४ला जाळीचं जॅकेटच बरं.

गॅरेजवाला_अमरावती
टायरची हवा सकाळी गार टायरमध्येच तपासा. दुपारी तापल्यावर काटा जास्त दाखवतो म्हणून लोक हवा सोडतात आणि टायर आणखी तापतो. टाकी तोंडापर्यंत भरू नका. आणि काळ्या सीटवर ओला दुपट्टा टाकून ठेवा, एवढं सांगून थांबतो.

पुण्याहून_वर्धा
एमआर काका, आज करून पाहिलं. हिंगणघाटला निघताना शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, विंडचीटर पाहून म्हणाल्या, "पाऊस सांगितलाय का रे?" सेवाग्रामपर्यंत अक्षरशः थंडी वाजली. पण हिंगणघाटच्या अलीकडेच कोरडा झालो, तुमच्या पाऊण तासाआधी. शर्ट पातळ असेल बहुतेक. आणि एक अडचण: डीलरच्या दुकानात ओल्या शर्टानं उभा राहिलो तर त्यानं आधी खुर्चीवर वर्तमानपत्र टाकलं, मग बस म्हणाला.

जुना_एमआर_चंद्रपूर
डिकीत एक कोरडा शर्ट ठेव. मी तर टाय पण वेगळा ठेवायचो.