टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पिचरला दीड वर्ष का लागतं? ओहतानी, बीबर आणि वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना

जर्सीसिटीकर

बेसबॉल नियमित बघणाऱ्यांसाठी काही प्रश्न. २०२५ च्या मोसमात लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी पिचिंगला (चेंडू टाकायला) परतला, पण सुरुवातीला फक्त एकेक इनिंग. कोपराची शस्त्रक्रिया सप्टेंबर २०२३ ची, आणि माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला १६ जून २०२५ ला. मधलं अख्खं २०२४ तो डीएच (फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) म्हणून खेळला, ५४ होमरन मारले, ५९ बेस चोरले. मग ज्या हाताने बॅट फिरवता येते त्याच हाताने चेंडू का टाकता येत नाही?

दुसरं, १६ सप्टेंबरला फिलीजविरुद्ध त्याने ५ इनिंगमध्ये एकही हिट दिली नव्हती आणि फक्त ६८ चेंडू टाकले होते. तरी डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला काढलं. पुढच्याच इनिंगमध्ये ६ रन गेले आणि सामना ९-६ ने हातचा गेला. हा निर्णय पटण्यासारखा आहे का?

तिसरं, इथे लिटल लीगमध्ये मुलं घालणाऱ्या पालकांनी नेमके कोणते आकडे पाळावेत? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

अस्थिबंध

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोपराच्या रचनेत आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, दंडाचं हाड आणि खालचं अल्ना हे हाड यांना जोडणारा एक छोटा पट्टा असतो. तो यूसीएल, म्हणजे अल्नर कोलॅटरल लिगामेंट. फेकताना हात मागे पूर्ण वाकतो आणि पुढे झेपावू लागतो, त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं. प्रयोगशाळेतल्या मोजमापात व्यावसायिक पिचरच्या कोपरावर त्या वेळी साधारण ६४ न्यूटन-मीटर पीळ पडतो. मृतदेहाच्या कोपरावरच्या चाचण्यांत हा पट्टा एकटा साधारण ३२ ला तुटला. उरलेला भार मनगट वाकवणारे आणि तळहात खाली फिरवणारे स्नायू उचलतात. ते थकले की तो भार सरळ पट्ट्यावर येतो. थकव्याची एवढी धास्ती घेतात ती यासाठी.

टॉमी जॉन शस्त्रक्रियेत फाटलेल्या पट्ट्याच्या जागी दुसरा टेंडन बसवतात, बहुधा मनगटाजवळचा पामारिस लाँगस. अंगठा आणि करंगळी जोडून मनगट थोडं आत वाकवा, मधोमध जी दोरी वर येते ती हीच. काही लोकांना ती जन्मतःच नसते, मग मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस घेतात. दोन्ही हाडांत भोकं पाडून टेंडन त्यांतून ओवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला डॉजर्सच्या टॉमी जॉनवर हे पहिल्यांदा केलं. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला.

वेळ खाणारा भाग यापुढे आहे. बसवलेला टेंडन लगेच लिगामेंटसारखा वागत नाही. आधी त्याच्यातल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मग तंतू नव्या ताणाच्या दिशेने हळूहळू रचले जातात. दुखणं मात्र याच्या कितीतरी आधी थांबतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात खेळाडूला हात एकदम मोकळा वाटतो, आणि आतला धागा तेव्हा कच्चाच असतो. म्हणून इथे कॅलेंडर बघतात, दुखणं नाही.

बॅटिंगचं वेगळं. ओहतानी उजव्या हाताने फेकतो, पण डावखुरा बॅटर आहे. बॅट फिरवताना त्याचं उजवं कोपर पुढच्या बाजूला असतं आणि त्याला फेकण्यासारखा आतून उघडणारा झटका बसत नाही. पहिली शस्त्रक्रिया १ ऑक्टोबर २०१८ ची, आणि ७ मे २०१९ ला तो डीएच म्हणून खेळत होता.

---

बुलपेनवाला

वर छान लिहिलंय. त्यात पुनर्वसनाचं वेळापत्रक घालतो. प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण ढाचा हाच.

पहिले दहा-पंधरा दिवस कोपर स्प्लिंटमध्ये. मग बिजागरीचा ब्रेस, त्याचा कोन आठवड्याला थोडा थोडा वाढवत साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकलं पाहिजे. इथे कोपर आखडून राहिलं तर पुढे खांद्यातून भरपाई सुरू होते आणि नवं दुखणं उभं राहतं. मग खांदा, पाठीचा फरा, पकड, पाय. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास पहिला चेंडू, ४५ फुटांवरून, हलक्या हाताने, एक दिवस आड. तिथून ६०, ९०, १२०, पुढे १५०-१८० फूट. प्रत्येक टप्पा दोनदा त्रास न होता झाला तरच पुढचा. त्रास झाला की एक पायरी मागे.

माउंड नवव्या महिन्याच्या सुमारास. आधी फक्त फास्टबॉल, निम्म्या जोराने. त्यानंतर चेंजअप. कर्व्ह आणि स्लायडर सगळ्यांत शेवटी. मग खऱ्या बॅटरसमोर सरावाचं पिचिंग, म्हणजे लाइव्ह बीपी, आणि शेवटी मायनर लीगमधले सामने. मेजर लीगच्या स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) हे सगळं धरून १४ ते १८ महिने लागतात. शेन बीबरचं उदाहरण अगदी नेमकं आहे: शस्त्रक्रिया एप्रिल २०२४, टोरोंटोच्या ब्लू जेजकडून पहिला सामना २२ ऑगस्ट २०२५, म्हणजे १६ महिने.

ओहतानीला त्याहून जास्त लागले याची कारणं दोन. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या बेसवर घसरताना त्याचा डावा खांदा निसटला आणि ५ नोव्हेंबरला लॅब्रमची (खांद्याच्या खोबणीभोवतीच्या कूर्चेची) शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे फेकण्याचा कार्यक्रम लांबला. दुसरं कारण संघाच्या गरजेचं. इतर पिचर ३० दिवसांपर्यंत मायनर लीगमध्ये रिहॅबला जाऊ शकतो. ओहतानीला पाठवलं असतं तर डॉजर्सची पहिल्या क्रमांकाची बॅट गेली असती. म्हणून २५ मेपासून सामन्यांच्या आधी आपल्याच सहकाऱ्यांसमोर लाइव्ह बीपी, आणि उरलेली चढण थेट मेजर लीगच्या सामन्यांत.

म्हणूनच ती एकेक इनिंग. १६ जूनला पाद्रेजविरुद्ध २८ चेंडू, वेग ताशी १०० मैलांपर्यंत. मग पुन्हा १, नंतर २, २, ३, ३, असं करत २७ ऑगस्टला पहिल्यांदा ५ पूर्ण. रॉयल्सविरुद्ध जूनअखेर त्याने १०१.७ मैलांचा चेंडू टाकला, मेजर लीग कारकिर्दीतला सर्वांत वेगवान. डॉक्टरांना नेमकी याचीच काळजी असते: हात ताजा असताना खेळाडू जोर आवरत नाही.

एक रोस्टरचा मुद्दा. २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. ओहतानी टू-वे (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा) खेळाडू म्हणून नोंदलेला असल्याने तो त्या १३ मध्ये धरला जात नाही. त्यामुळे त्याने एकच इनिंग टाकली तरी मागे पूर्ण १३ जण तयार असत. दुसऱ्या कुठल्या संघाला ही चैन परवडली नसती.

---

तिसराबेस

१६ सप्टेंबरच्या निर्णयाबद्दल मी रॉबर्ट्सच्या बाजूने आहे. हळहळ मलाही वाटली, तरीही.

रिहॅबमध्ये चेंडूंइतकंच महत्त्व ‘अप-डाउन’ला असतं. म्हणजे पिचर किती वेळा बसला आणि पुन्हा उठून पूर्ण जोराने टाकू लागला. थंड झालेला हात सहाव्यांदा तापवणं ही नवी पायरी आहे, ६८ चेंडूंमध्ये ती दिसत नाही. त्यातून ओहतानी बसतच नाही. १६ जूनला पहिल्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात माउंडवर होता, खालच्या अर्ध्यात पहिला बॅटर तोच. मैदानाच्या कडेलाच ग्लोव्हज आणि कोपराचा गार्ड चढवून तो सरळ प्लेटकडे गेला. इतर पिचरला मिळणारा दहा-पंधरा मिनिटांचा श्वास त्याला मिळत नाही.

आणि २०२० विसरू नका. पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा जवळपास २२ महिने झाले होते. २६ जुलैला ऑकलंडविरुद्ध एकही आउट न करता ५ रन. पुढच्या सामन्यात दुसऱ्याच इनिंगमध्ये याच कोपराजवळच्या स्नायूला इजा, आणि त्या वर्षीचं पिचिंग संपलं. महामारीमुळे खऱ्या सामन्यांची चढण मिळालीच नव्हती. डॉजर्सनी या खेपेला केलं ते नेमकं याच्या उलट.

---

डगआउट

थोडा असहमत. मर्यादा हवी, पण ती आधी ठरवलेल्या इनिंगमध्ये बांधणं ढोबळ आहे. त्या दिवशी काय दिसत होतं ते बघायला हवं: वेग उतरला का, चेंडू सोडण्याची उंची खाली आली का, फास्टबॉल वर आणि हाताच्या बाजूला निसटतोय का, दोन चेंडूंमधला वेळ वाढतोय का. थकव्याच्या या खुणा प्रत्येक डगआउटमध्ये टॅबवर दिसतात. पाचव्या इनिंगअखेर त्यातली एकही ठळक नव्हती. आणखी १२-१५ चेंडूंची मुभा ठेवून बॅटरगणिक निर्णय घेता आला असता.

मर्यादा पाळली की हात वाचतोच असंही नाही. कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेल्या पिचर स्टीफन स्ट्रासबर्गला वॉशिंग्टनने २०१२ मध्ये १५९ इनिंगवर थांबवलं, प्लेऑफमध्येसुद्धा वापरलं नाही. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, २४.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि त्यानंतर तो उभ्या कारकिर्दीत ३१ इनिंग टाकू शकला. तेव्हा गेलं ते कोपर नव्हे. खांदा आणि मानेजवळची नस.

मूळ कारण वेगातच आहे. २००८ मध्ये फोर-सीम फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालातही वेग, फिरकीचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने टाकण्याची सवय यांवरच बोट ठेवलंय.

---

जर्सीसिटीकर

सगळ्यांचे आभार. मग २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात तीनच दिवसांच्या विश्रांतीवर ओहतानीला सुरुवातीलाच का उतरवलं? शेवटच्या दोन इनिंगसाठी राखून ठेवायला हवं होतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. आणि क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजांची कोपरं अशी जात नाहीत, ते का?

---

बुलपेनवाला

सातव्या सामन्याचं उत्तर नियमात आहे. २०२२ पासून स्टार्टिंग पिचर स्वतःच डीएच असेल तर माउंड सोडल्यावरही तो डीएच म्हणून बॅटिंग करत राहतो. ही सवलत फक्त स्टार्टरला. डीएच मध्येच रिलीव्हर (बदली पिचर) म्हणून आला तर संघाचा डीएच तिथेच संपतो, आणि माउंडवरून उतरल्यावर त्याला बॅटिंग चालू ठेवायची तर मैदानात दुसऱ्या जागी, बहुधा आउटफिल्डमध्ये, उभं राहावं लागतं, नाहीतर सामन्याबाहेर. आता विचार करा, ओहतानी नवव्या इनिंगला आला असता आणि बरोबरी झाली असती तर? शिवाय रिलीव्हर आधी बुलपेनमध्ये (सरावाच्या जागी) हात तापवतो. ज्याची बॅटिंग दर दोन-अडीच इनिंगला येते त्याने ते कधी करायचं?

१ नोव्हेंबरला टोरोंटोत झालं ते असं: २८ ऑक्टोबरला ६ इनिंग टाकून आलेला ओहतानी सव्वादोन-अडीच इनिंगच टिकला. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटने तीन रनचा होमरन मारला आणि त्याला काढलं. पण डीएच म्हणून तो शेवटपर्यंत खेळला. सामना ११ इनिंग चालला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले. विल स्मिथचा निर्णायक होमरन बसला तो वर उल्लेख केलेल्या बीबरच्याच चेंडूवर.

खरा धोका पत्करला तो डॉजर्सच्याच पिचर यामामोतोच्या बाबतीत. आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून, एकही दिवस न थांबता, पुन्हा ३४ चेंडू. मोसमाचा शेवटचा दिवस आणि पुढे तीन महिने सुट्टी म्हणूनच हे चाललं. मे महिन्यात असं कोणी करत नाही, करूही नये.

---

अस्थिबंध

क्रिकेटबद्दल: गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, म्हणजे हात जवळपास ताठच फिरतो. वाकलेलं कोपर झटक्यात उघडण्याचा तो पीळ तिथे येतच नाही. भार जातो कमरेवर. पुढचा पाय आदळताना कंबर एकाच वेळी मागे आणि बाजूला वाकते, आणि खालच्या मणक्यांत ताणाची चीर पडते. बुमराहची पाठ हे त्याचं उदाहरण. मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेच्या वर षटकं आणि शेवटच्या कसोटीत पाठ धरली. म्हणून २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोट्या आधी ठरवून दिल्या. हिशेब तोच, फक्त इनिंगऐवजी षटकं.

आता मुलांचे आकडे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये काढलेली पिच स्मार्ट मार्गदर्शिका पाळा. एका दिवसात जास्तीत जास्त: वय ७-८ ला ५० चेंडू, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदा वर्षांपर्यंत विश्रांती अशी: २० चेंडूंपर्यंत दुसऱ्या दिवशी चालतं, २१-३५ ला १ दिवस, ३६-५० ला २, ५१-६५ ला ३, त्यापुढे ४ दिवस. नऊ ते बारा वयाला वर्षातून किमान चार महिने फेकणं पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. याच वयात फास्टबॉल आणि चेंजअप पुरे.

गडबड होते ती आकडे माहीत नसल्यामुळे क्वचितच. मूल शनिवारी शाळेच्या लीगमध्ये ६० टाकतं आणि रविवारी ट्रॅव्हल टीममध्ये ५०, आणि दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांची वही माहीत नसते. मोजणी पालकांनीच ठेवायची, दोन्हीकडची एकत्र. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या २००६ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या तरुण पिचरांची तुलना केली होती. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. म्हणून मुलाला “दुखतंय का?” एवढंच विचारून भागत नाही. “हात जड वाटतोय का?” हेही विचारा. आणि पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी त्याला कॅचर म्हणून बसवू देऊ नका, कारण कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो आणि ते फेकणं कुणीच मोजत नाही.