पॉइंट टू-टू सेमी-ऑटो: एक मॅगझिन घट्ट, दुसरं राउंड चढवत नाही

रत्नागिरी_टूटू
रायफल रुगर १०/२२, लाकडी दस्त्याची, लायसन्स स्पोर्टचं. मॅगझिन (काडतुसं भरायची सुटी डबी) दोन आहेत.

पहिलं कंपनीचंच, १० राउंडचं (काडतुसांचं) रोटरी, म्हणजे आत फिरतं चक्र असलेलं, बीएक्स-१. मे अखेरपर्यंत झकास चालत होतं. आता जुलैत आत जाताना दोन्ही बाजूंनी घासतं आणि मॅगझिन सोडायचा खटका दाबला तरी खाली सुटत नाही, नखाने धरून ओढावं लागतं. फायरिंगला मात्र काही तक्रार नाही.

दुसरं भलत्याच बनावटीचं, तेवढ्याच राउंडचं, अख्खं प्लॅस्टिकचं. ते सहज बसतं, खटक्याचा आवाजही येतो. पण चार-पाच राउंडनंतर बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा पोलादी ठोकळा) काडतुसाच्या वरून पुढे निघून जातो आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं राहतं. कधी गोळीचं टोक चेंबरच्या खालच्या कडेला ठेचतं.

लेथवाला म्हणतो, दोन्ही मॅगझिन बाजूंनी थोडी कानसतो. द्यावीत का?

देवगड_हापूस
मुळीच देऊ नका. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात मॅगझिनचा दोषच नसावा, दस्ता फुगला असणार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकडात मुरतो, आणि दस्त्यातल्या मॅगझिनच्या खिडकीच्या आतल्या कडांना बहुतेक वेळा पॉलिशच पोचलेलं नसतं. बाहेरून चकचकीत, आत कोरं लाकूड. तिथूनच पाणी शिरतं.

खात्री अशी करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. शेवटच्या राउंडनंतर या रायफलचा बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, त्यामुळे बंद बोल्टवरून काहीच समजत नाही. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग घोडा (हॅमर) ताणलेला ठेवून सेफ्टीचं आडवं बटण बरोब्बर अर्ध्यात आणा, नाहीतर ॲक्शन (नळी आणि यंत्रणेचा धातूचा भाग) दस्त्यातून उचलत नाही. नळीवरचा पट्टा सैल करून पुढे सरकवा, मॅगझिनच्या पुढचा एकच स्क्रू काढा आणि ॲक्शन वर घ्या. रिसीव्हरमधल्या (यंत्रणेच्या पेटीतल्या) दोन आडव्या पिना सैलच असतात, दस्ताच त्यांना धरून ठेवतो. म्हणून खाली टॉवेल अंथरा.

आता नुसत्या ॲक्शनमध्ये रिकामं मॅगझिन लावा. टक्कन बसलं आणि खटका दाबल्यावर सुटलं, तर दोष शंभर टक्के लाकडाचा. मॅगझिनच्या बाजूंना रंगीत खडू चोळा, ॲक्शन परत दस्त्यात बसवा, मॅगझिन एकदा आत-बाहेर करा. लाकडावर जिथे रंग उमटेल तेवढीच जागा २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पेपर चपट्या पट्टीला गुंडाळून, नुसत्या बोटाने नाही, बोटाने खड्डे पडतात. पाच-सहा हात मारा, पुन्हा खडू लावून बघा.

चिपळूण_वाशिष्ठी
दुसऱ्या मॅगझिनबद्दल लिहितो. बोल्ट काडतुसावरून जातो याचा अर्थ राउंड हवा तेवढा वर आलेला नसतो. कारणं दोन: एक तर मॅगझिनच खाली लोंबतंय, नाहीतर आतली स्प्रिंग राउंड वेळेत वर ढकलत नाही.

रेंजवर, नळी टार्गेटकडे आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून, बसलेलं मॅगझिन खालून हाताने दाबून बघा. अर्धा-एक मिलिमीटर वर सरकलं तर खटक्याचा दांडा मॅगझिनच्या मागच्या खाचेत पूर्ण जात नाही. नुसत्या टक् आवाजावर विसंबू नका, दांडा खाचेच्या काठावर टेकला तरी आवाज येतो. मग तोच दाब कंपनीच्या मॅगझिनवर द्या. ते हललं नाही तर रायफल निर्दोष, खाचेचं माप चुकलंय. दोन्ही हलली तर खटक्याची स्प्रिंग आणि ट्रिगर हाउसिंगची पिनांची भोकं तपासून घ्यावी लागतील.

मॅगझिन जराही हलत नसेल तर स्प्रिंग बघा. सुरुवातीचे राउंड बरे जातात आणि नंतरचे अडतात, यावरून माझा संशय तिच्यावरच जास्त आहे. रोटरीत राउंड जसे संपतात तसा ताण उतरत जातो. त्यात टू-टूच्या गोळीला बाहेरून मेण असतं. ते मेण, दारूची काजळी आणि आपली दमट हवा मिळून आतल्या चक्राला चिकट लेप बसतो. आधी साफ करा, निकाल नंतर लावा.

शेवटचं तोंडाचं. राउंड धरणाऱ्या ज्या वळलेल्या कडा असतात, त्या बीएक्स-१ ला पोलादी आहेत. तुमच्या दुसऱ्यात त्या प्लॅस्टिकच्या आहेत. दोन्ही मॅगझिन शेजारी ठेवून वरच्या राउंडची उंची आणि टोकाचा कल बघा. टोक खाली झुकलेलं दिसलं तर कडा झिजल्या किंवा फाकल्या. त्या कापून-वाकवून कधीच नीट होत नाहीत, ते मॅगझिन बाजूला काढा. १०/२२ ही १९६४ पासूनची रायफल, तिच्यासाठी मॅगझिन काढणारे ढीगभर. डबीवर नाव छापलं म्हणजे माप जुळलं असं नव्हे.

अलिबाग_किनारा
देवगडकरांचं निदान बरोबर, पण पॉलिश पेपर आत्ता नको. फुगलेलं लाकूड घासलंत तर हिवाळ्यात फट वाढेल, आणि ओल्या लाकडावर वॉर्निश मारलंत तर ओल आतच कोंडेल. दिवाळीनंतर लाकूड पुरतं सुकू द्या, तेव्हा खडू लावून बघा. बहुधा घासावं लागणारच नाही. कोऱ्या कडांना पातळ वॉर्निशचे तीन हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. तोवर रायफल रेक्झिन किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ओल धरते. कपाटात निळं सिलिका जेल ठेवा. गुलाबी झालं की मंद आचेवर परतून पुन्हा निळं करायचं.

आणि खोबरेल कुठेही नको. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरच्या पहाटे मॅगझिनचं चक्र जागेवर अडेल. शिलाई मशीनचं तेल बाहेरच्या पोलादी भागाला, तेही पुसून घेतलेलं. मॅगझिनच्या आत तेल नकोच, कोरडा ब्रश आणि कोरडं फडकं. रोटरी उघडायचंच असेल तर मॅन्युअल समोर हवं. नट सुटला की स्प्रिंगचा ताण जातो आणि परत किती फेरे द्यायचे ते अंदाजाने जमत नाही.

लेथवाल्याचा विषय तर सोडाच. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. लायसन्सधारी गनस्मिथकडेच जा, पावती घ्या.

रत्नागिरी_टूटू
नुसत्या ॲक्शनमध्ये बीएक्स-१ टक्कन बसलं आणि सुटलं. म्हणजे लाकूडच. दिवाळीपर्यंत थांबतो. दुसरं रेंजवर खालून दाबल्यावर वर सरकतं, कंपनीचं हलत नाही. साफ करून काही फरक पडेल?

चिपळूण_वाशिष्ठी
नाही, हे खाचेचं माप आहे, साफसफाईने सुधारणार नाही. शस्त्रविक्रेत्याकडे पावतीसह परत द्या, आणि बदली घेताना रायफल सोबत न्या. दुकानात रिकामं लावून, खालून दाबून, मगच पैसे द्या. यापुढे प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर रंगाने १, २ असे आकडे टाका. राउंड अडला की कुठल्या नंबरला आणि कितव्या राउंडला ते वहीत टिपा.