गोळीला कसं कळतं जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती?

अमळनेरचा_पप्पा
राम राम मंडळी. पोरगी नववीत आहे, मागच्या आठवड्यात घसा धरला, ताप आला, डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन लिहून दिली. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की लगेच प्रश्न सुरू. म्हणे पप्पा, जंतू पण पेशी आणि मी पण पेशींचीच बनलेली, मग गोळीला कसं कळतं कोणाला मारायचं? मी हार्डवेअरचं दुकान चालवतो, बारावी सायन्सचं सगळं कधीच बोरीच्या पुरात वाहून गेलं. तरी ठोकून दिलं की जंतूच्या पेशीत केंद्रक नसतं, आपल्या पेशीत असतं. तर म्हणते लाल रक्तपेशीत पण केंद्रक नसतं असं बाईंनी सांगितलंय, मग त्या का मरत नाहीत? इथं माझी विकेट पडली. कोणी सोप्यात सांगेल का

यावलचा_केळीवाला
सोपं आहे भो, जंतू एवढासा बारीक, आपली पेशी मोठी. थोड्या औषधात बारीक मरतो, मोठ्याला काही होत नाही. उंदराचं औषध बैलाला थोडी लागतं

मायक्रोवाली_जळगाव
केळीवाले दादा, बारीक असतो हे खरं पण कारण ते नाही. ई-कोलाय नावाचा जंतू साधारण २ मायक्रॉन लांब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपली लाल पेशी ७-८ मायक्रॉन, आणि गालाच्या आतली पेशी तर ५०-६०. पण औषधाचे रेणू या सगळ्यांपुढे इतके लहान असतात की साईझचा प्रश्नच येत नाही. प्रश्न असा आहे की औषध ज्याला धरतं ती वस्तू त्या पेशीत आहे की नाही.

पप्पा, तुम्ही केंद्रकाचं सांगितलं ते बरोबरच आहे, जंतूचा डीएनए बहुतेक वेळा एकच गोल कडं असतो आणि तसाच मोकळा पडलेला असतो, आपल्याकडे ४६ गुणसूत्रं केंद्रकाच्या पिशवीत. पण ॲमॉक्सिसिलिनला केंद्रकाशी काही घेणंदेणं नाही, तिचं काम भिंतीवर चालतं. जंतूच्या पातळ पडद्याबाहेर एक कडक जाळी असते, पेप्टिडोग्लायकन म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात टाकतो ती सुतळीची बाज आठवा. साखरेच्या साखळ्या म्हणजे उभ्या सुतळ्या आणि त्यांना आडवं बांधणारे छोटे प्रोटीनचे तुकडे. जंतू वाढताना जुनी वीण स्वतःच थोडी थोडी कापतो आणि नवीन गाठी मारतो. गाठी मारणारं जे एन्झाइम आहे त्याचेच हात पेनिसिलिनच्या घरातली औषधं धरून ठेवतात, ॲमॉक्सिसिलिन त्यातलीच. म्हणजे कापणं चालू आणि गाठ बंद! आता घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकससारख्या जंतूच्या आत गाडीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो, वीण सैल पडली की फुटलाच. आपल्या पेशीला ही बाजच नाही, कारण गरज नाही, आतलं पाणी जेवढं खारट तेवढंच बाहेरचं पाणी खारट, ते शरीर सांभाळतं. लाल पेशीला केंद्रक नाही पण भिंतही नाही, म्हणून गोळी तिच्या बाजूने सरळ निघून जाते. आणि हो, लाल पेशी मुळात केंद्रकवालीच असते, हाडाच्या मगजात तयार होताना ते बाहेर फेकते, हिमोग्लोबिनला जागा जास्त मिळते. त्यामुळे पोरीचा प्रश्न एकदम जागेवर होता

अमळनेरचा_पप्पा
बाजेचं तिला लगेच कळलं, आजीकडे आहे अजून एक. बाकी अँटिबायोटिक पण भिंतच फोडतात का?

मायक्रोवाली_जळगाव
नाही, प्रत्येकाची जागा वेगळी. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला अडवते. ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन या रायबोसोमवर बसतात, म्हणजे प्रोटीन बनवायच्या मशीनवर. मशीन आपल्याकडेही आहे पण मॉडेल वेगळं, जंतूचं ७०एस, आपलं ८०एस. जंतूच्या मशीनचे दोन भाग ३०एस आणि ५०एस, आणि बेरीज ८० नाही ७०, फर्स्ट इयरला सगळे इथंच अडकतात 😄 एस हे वजन नसून सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेगानं खाली बसतं त्याचं माप आहे, म्हणून सरळ बेरीज होत नाही

कपाशी_शिंदखेडा
ताई एक विचारू का. आमच्याकडे पूर्वी कपाशीवर जिवाणूजन्य करप्याला कॉपरसोबत स्ट्रेप्टोसायक्लिन मारायचे, पुडी १०-१५ लिटरच्या पंपाला चिमूटभरच टाकायची. एका वर्षी आमच्या सालदाराने अंदाजाने जास्त टाकली तर कोवळी पानं पिवळी पांढरी पडली. झाडाची पेशी तर आपल्यासारखीच ना केंद्रकवाली, मग तिला का लागलं?

मायक्रोवाली_जळगाव
दादा काय मस्त उदाहरण दिलं. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये मुख्य स्ट्रेप्टोमायसिनच असतं. मिश्रणात कॉपर पण होतं, तेही पान भाजू शकतं, पण स्ट्रेप्टोमायसिन जास्त झालं की पान पांढरं पडतं हे माहिती आहे. पानाचा हिरवेपणा ज्या हरितलवकात असतो ते कोणे एके काळी मोकळे फिरणारे जंतूच होते, मोठ्या पेशीत शिरले आणि कायमचे राहिले. त्यांचा रायबोसोम अजून ७०एसच आहे, म्हणून जंतूचं औषध त्यांनाही लागतं.

आणि आपल्या पेशीतला ऊर्जा बनवणारा मायटोकॉन्ड्रिया पण असाच भाडेकरू. त्याचा डीएनए गोल, रायबोसोम जंतूच्या जातीचा. लिन मार्गुलिस या शास्त्रज्ञ बाईंनी १९६७ साली हे शोधनिबंधात मांडलं, आधी बऱ्याच ठिकाणाहून तो परत आला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या घरातल्या इंजेक्शनांनी काही जणांच्या कानावर परिणाम होतो त्यात या मायटोकॉन्ड्रियाचा हात असतो, काही घराण्यांत त्याच्या डीएनएत एक अक्षर बदललेलं असतं आणि ते आईकडून येतं, अशांना कमी डोसनंही ऐकू कमी येऊ शकतं

मेडिकलवाला_धुळे
माझ्याकडे रोज दहा जण येतात, नाक गळतंय दोन गोळ्या ॲझिथ्रोच्या द्या. अरे बाबा सर्दी व्हायरसची, त्याला ना भिंत ना रायबोसोम, तो तर पेशीच नाही, आपलीच मशीन वापरतो, गोळी धरणार कशाला? उलट पोटातले चांगले जंतू मरतात आणि मग जुलाब. पप्पा, पोरीला बरं वाटलं तरी डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितलेत तेवढे दिवस द्या

नंदुरबारी_गप्पा
मना पोरले बी हाऊच प्रश्न पडना व्हता, मी त्याले सांगं झोप 😂

अमळनेरचा_पप्पा
गोळ्या चालू आहेत भाऊ, परवा संपतील. सगळं तिला वाचून दाखवलं. आता म्हणते भिंत नसलेला जंतू असतो का, असला तर तो या गोळीनं मरेल का. मी ताईंना विचारतो म्हणून दुकानात पळालो

मायक्रोवाली_जळगाव
असतो, मायकोप्लाझ्मा. त्याला बाजच नाही त्यामुळे पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन कितीही द्या, काही होत नाही, तिथं रायबोसोमवाल्यांसारखी, भिंत सोडून दुसऱ्या जागी काम करणारी औषधं द्यावी लागतात. दादा हा प्रश्न आम्हाला एमएस्सीच्या तोंडीला विचारला होता. पोरीला सुट्टीत एकदा बहिणाबाई विद्यापीठात घेऊन या, मायक्रोस्कोपखाली दह्यातले जंतू दाखवते