केमोच्या आधी घरात काय तयारी ठेवायची
मिसेसची कॅन्सरची केमो (किमोथेरपी) पुढच्या आठवड्यात सुरू होतेय आणि मी नुसता बसून आहे असं लिहिलंयत म्हणून सांगते, बसायला वेळच मिळणार नाही. आमच्या ह्यांच्या वेळी सगळ्यात कामाला आलं ते डिजिटल थर्मामीटर. ताप १००.४ ला गेला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटलला फोन, कारण केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि कधीकधी इन्फेक्शनचं ताप हे एकच लक्षण दिसतं. तो इमर्जन्सी नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. पुण्यात पेठेत राहत असाल तर गणपतीत रस्ते बंद असताना गाडी कुठून बाहेर काढायची तेही आधीच ठरवा.

दाताचं काही राहिलं असेल तर डॉक्टरांना विचारून आत्ताच उरकून घ्या. जेवणाचं फार टेन्शन नको. ह्यांना स्टीलच्या चमच्याने सगळं लोखंडासारखं लागायचं, प्लॅस्टिकचा चमचा दिला की मऊ मेतकूट भात थोडा तरी जायचा (फोडणीचा वास मात्र अजिबात सहन व्हायचा नाही, मग काय, बिनफोडणीचंच). नातेवाईक गुळवेलीचा काढा घेऊन येतीलच, तो ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय द्यायचा नाही म्हणजे नाही.

आणि सर्दी-खोकलावाल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायचं वाईट काम तुम्ही घ्या, मिसेसना करायला लावू नका. सरळ दारावर पाटी लावा, पुण्यात पाटीचं कोणी मनाला लावून घेत नाही.