मदत हवी आहे: 'तुम्हाला काय हवंय?' विचारलं की मी गप्प

नवरा आणि मी दोन महिने समुपदेशनाला जातोय. परवा मॅडमनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" म्हटलं, "यानं थोडं समजून घ्यायला हवं." त्या म्हणाल्या, "ही तक्रार झाली. गरज सांगा." मी पर्सच्या चेनशी खेळत बसले. शनिवारी लिहून न्यायचंय. वहीत अकरा ओळी झाल्यात, अकराही तक्रारीच.

माहेरी 'मला काहीही चालतं' म्हणणारी मुलगी गुणाची. आता चाळिशीत 'मला हवंय' म्हणताना जीभ अडते. नवरा मात्र मुद्देसूद बोलतो, ऑफिसात प्रेझेंटेशन दिल्यासारखा. त्याच्यापुढे माझं रडगाणंच वाटतं. शिवाय तिथलं बोलणं परतताना गाडीत उकरलं जातं. वाक्य नेमकं करायचं कसं?

खिडकीपाशी:
मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची पद्धत आम्हाला उपयोगी पडली. काय घडलं, काय वाटलं, काय हवंय आणि आत्ता नेमकं काय मागताय, या क्रमानं बोलायचं. 'नेहमी' आणि 'कधीच' आधी खोडा, ते ऐकलं की समोरचा वकिली सुरू करतो. 'समजून घे' ही मागणी नव्हे. ते झालं की नाही, कसं कळणार? एक ओळ इथे टाका, बघू.

जुनी_जाणती:
गाडीचं मॅडमना आधी सांगा. त्या दिवशी तो विषय काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. (येताना उसाचा रस प्यायचो. निम्मं समुपदेशन त्या गुऱ्हाळातच झालं.) आणि घरात धाक किंवा मारहाण असेल, तर जोडीनं बसून मन मोकळं करू नका. मॅडमना एकटीनं भेटा. महिलांसाठी १८१ हेल्पलाइनही आहे.

धागाकर्ती:
नाही हो, तसं काही नाही. ही ओळ घ्या: 'आईंचं सगळं माझ्यावरच.' बदलून असं लिहिलंय: 'गेल्या महिन्यात आईंना तीनदा दवाखान्यात नेलं, तिन्ही वेळा रजा मी टाकली. मला एकटं वाटलं. यात मला तुझी सोबत हवी आहे. येत्या मंगळवारी तू नेशील का?'

खिडकीपाशी:
'एकटं पाडलंस' लिहिलं नाहीत, छान! पण तो 'नाही' म्हणाला तर? त्याला जागा नसेल, तर ती विनंती नाही, हुकूम होतो.

धागाकर्ती:
अरे देवा. माझ्या वाक्यात तो 'हो'च म्हणतो. बसते परत वही घेऊन.