मदत हवी आहे: नववा प्रश्न कसा विचारायचा?

नमस्कार मंडळी. बेळगावात नर्सिंगच्या मुलींना मानसिक आरोग्य शिकवते. सरावासाठी केस मीच रचलेली: खानापूरकडची चाळिशीतली बाई, "डोकं भणभणतंय, झोप न्हाई" एवढंच सांगते, बाकीची उत्तरं शेजारी बसलेली सासू देते. मुली लगेच निदान लिहून मोकळ्या! म्हणून आता माहिती तुकड्यातुकड्यानं देते.

पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) चे ० ते २७ गुण मुली भराभर मांडतात. पण नववा प्रश्न, मेलेलं बरं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, आला की पुटपुटतात. एकूण गुण कमी असले तरी तिथं शून्याच्या वर काही आलं तर थांबायलाच हवं ना! सासूला बाहेर कसं पाठवायचं, आणि हे घरगुती मराठीत कसं विचारायचं? वर्गात कुणी करून घेतलं असेल तर नेमकी वाक्यं सांगा की हो. कन्नडातली असली तरी चालतील.