श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवायचा विश्वास?
काही जण म्हणतात तसं श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवायचा विश्वास, एवढंच असतं तर सोपं होतं. आमची आजी आठ वाऱ्या चालली, पिशवीत बीपीच्या गोळ्या, गुडघ्याला क्रेप बँडेज, आणि विठ्ठल गुडघा बरा करेल असं तिला कधीच वाटलं नाही, म्हणायची त्याला डॉक्टर आहे की. पण ज्येष्ठ लागला की पाय घरात ठरायचे नाहीत.

बाकी २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात श्रद्धा किंवा अंधश्रद्धेची व्याख्याच नाहीये (न वाचताच भांडतात लोक), नुसती कृत्यं दिलीत, म्हणजे साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं वगैरे. यात्रा, कीर्तन त्यातून स्पष्ट वगळलंय.